मुक्कामाचा प्रश्न : भारतातील स्त्री अभियंत्यांची वाटचाल

भारतातील स्त्रियांनी वैद्यकाचा उंबरठा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ओलांडला होता. अभियांत्रिकीचा उंबरठा ओलांडण्यास मात्र त्यांना आणखी अर्धे शतक लागले, आणि या अंतराची कारणे शोधू लागले म्हणजे स्त्रियांच्या तांत्रिक शिक्षणाच्या इतिहासाची एक सहसा न पाहिली जाणारी बाजू समोर येते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली, रखमाबाई १८९४ साली इंग्लंडमध्ये डॉक्टर झाल्या. देशातील पहिल्या स्त्री अभियंत्यांना पदवी मिळाली ती १९४३-४४ मध्ये. वैद्यकाच्या बाजूने एक युक्तिवाद आधीपासूनच तयार होता. बाळंतिणीला परपुरुषाकडून तपासून घेणे रूढीला मान्य नव्हते, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, हे सुधारकाइतकेच सनातनी घरालाही पटत असे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला वाट करून दिली, तीही याच सामाजिक गरजेच्या आधारे. पूल बांधण्यासाठी किंवा कालव्याची पातळी मोजण्यासाठी स्त्रीच हवी, असे म्हणण्यास मात्र कोठेही जागा नव्हती, त्यामुळे या क्षेत्रात येणाऱ्या स्त्रीला रूढीचा आधार मिळण्याचा संभवच नव्हता.

दुसरे कारण या विद्येच्या घडणीतच होते. मद्रासजवळील गिंडीची संस्था १७९४ साली भूमापनाची शाळा म्हणून निघाली, रुडकीचे महाविद्यालय १८४७ साली, पुण्याचे १८५४ साली आणि कलकत्त्याचे, पुढे शिबपूरला स्थिरावलेले, १८५६ साली सुरू झाले. या सर्वांचा मुख्य हेतू सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला, म्हणजे रस्ते, कालवे, पूल आणि सरकारी इमारती उभारणाऱ्या खात्याला, प्रशिक्षित माणसे पुरवणे हा होता. त्या खात्यातील अभियंता वर्षाचे कित्येक महिने फिरतीवर असे, तंबूत किंवा डाकबंगल्यात उतरे, मजुरांच्या तांड्याबरोबर राही. कामाचे स्वरूपच मुक्कामाचे असल्यामुळे स्त्रीच्या प्रवेशाचा विचार जेव्हा पुढे झाला, तेव्हा तिला गणित जमेल का, यापेक्षा ती रात्री कोठे राहील, जाईल-येईल कशी आणि तिचे मूल कोण सांभाळील, हे प्रश्न अधिक अवघड ठरले. या साऱ्यांना एकत्रितपणे मुक्कामाचा प्रश्न म्हणता येईल. स्त्री अभियंत्यांच्या इतिहासात ज्यांना पुढारीपण द्यावयाचे त्या स्त्रियांचे खरे कर्तृत्व हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून न थांबता मागून येणाऱ्यांसाठी सोडवण्यात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते अभियांत्रिकीशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर चारेक मैलांवरील हिंगणे गावी एका झोपडीत हलवला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाल्यावर कर्वे रोज ही वाट पायी तुडवत, पावसाळ्यात चिखलातून, पुष्कळदा आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हिंगण्याला आधी राहण्याची जागा झाली आणि शाळा तिच्या आधाराने वाढली. विधवेला घराबाहेर सुरक्षित छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाल्यावाचून पाटी-पुस्तकाला अर्थ नाही, हे कर्व्यांनी अनुभवाने ओळखले होते. आश्रमाचा रोजचा कारभार आणि निधीसाठीची वणवण ज्यांनी अंगावर घेतली त्या पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. वयाच्या चाळिशीनंतर, १९१८ साली, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी मदत मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या व तेथे घरकाम करून राहिल्या. त्यांची ही कामगिरी मराठी वाचकाच्या स्मरणात जितकी असायला हवी तितकी नाही.

याच काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मुली आणि विधवा छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्यांनीच जुळवले. खिळे जुळवणे म्हणजे शिशाची एकेक अक्षरमुद्रा खणांच्या पेटीतून उचलून ओळीत उलटी बसवत जाणे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे हे खण शेकड्यांनी असत आणि कोणता खिळा कोठे आहे हे हाताला पाठ व्हावे लागे. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या यंत्रविद्येचा आरंभ शोधायचा झाला तर तो महाविद्यालयाच्या पटावर शोधण्यापेक्षा या पेटीपाशी शोधणे अधिक न्याय्य होईल, आणि येथेही छपाईचे काम शक्य झाले ते सदनात राहण्याची सोय होती म्हणूनच.

पदवीधर स्त्री अभियंत्यांची परंपरा सुरू झाली ती मद्रासला. अय्यलसोमयाजुला ललिता यांचा जन्म १९१९ सालचा. अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी चार महिन्यांची होती. वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, चाकोंनी तो उचलून धरला आणि १९४० साली ललितांना प्रवेश मिळाला. त्यांनी वैद्यक का निवडले नाही, याचे कारण त्यांच्या परिस्थितीत होते: डॉक्टरला मध्यरात्रीही उठून जावे लागते आणि तान्ह्या मुलीच्या आईला ते शक्य नव्हते. शिकताना त्या वसतिगृहात राहत आणि मुलगी मद्रासमध्येच नातलगांच्या घरी वाढत होती. त्यांच्यापाठोपाठ पी. के. त्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या, महायुद्धामुळे अभ्यासक्रमाची मुदत कमी करण्यात आली आणि तिघीही एकाच वेळी पदवीधर झाल्या. पदवीच्या छापील प्रमाणपत्रावर उमेदवारासाठी पुल्लिंगी सर्वनामच होते. ते शाईने खोडून त्यावर स्त्रीलिंगी सर्वनाम लिहून देण्यात आले. त्या काळच्या व्यवस्थेने स्त्रीला कसे सामावून घेतले, याचा याहून नेमका पुरावा शोधूनही सापडणार नाही, कारण नमुना तसाच राहिला आणि दुरुस्ती त्या तिघींपुरती झाली.

ललितांची पुढील नोकरीही मुक्कामाच्या प्रश्नानेच ठरवली. जमालपूरच्या रेल्वे यंत्रशाळेत उमेदवारी, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा काळ, पुरा केल्यावर त्यांनी शिमल्याला केंद्रीय प्रमाण संस्थेत काम धरले आणि १९४८ पासून कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत; दोन्ही ठिकाणी मुलीकडे पाहणारे नातलग होते. कंपनीत त्यांनी पारेषण वाहिन्यांचे, म्हणजे वीजकेंद्रापासून गावापर्यंत उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या तारांचे, आणि उपकेंद्रांच्या मांडणीचे आराखडे केले. भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत जनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता. न्यूयॉर्क येथे १९६४ साली भरलेल्या स्त्री अभियंत्या आणि शास्त्रज्ञ यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या होत्या. देशाच्या वीज-उभारणीत तीन दशके घालवलेल्या या स्त्रीचे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट आहे.

त्रेसिया यांनी फिरतीचे तेच सरकारी खाते निवडले ज्यासाठी ही महाविद्यालये निघाली होती आणि १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. त्या पदावर पोचलेली तोवर आशियात दुसरी स्त्री नव्हती. शिबपूरच्या महाविद्यालयाने स्वातंत्र्यानंतर मुलींना प्रवेश दिला, तेथून १९५१ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या इला मजुमदार, लग्नानंतरच्या इला घोष, यांचे आयुष्य मात्र या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ग्लासगोला प्रशिक्षण आणि डेहराडूनच्या आयुधनिर्माणीत नोकरी झाल्यावर त्या अध्यापनाकडे वळल्या आणि १९६३ साली कलकत्त्यात निघालेल्या महिला तंत्रनिकेतनाच्या पहिल्या प्राचार्या झाल्या. तंत्रनिकेतन म्हणजे पदवीऐवजी पदविका देणारी, शालान्त परीक्षेनंतर तीन वर्षांत हाताला काम शिकवणारी संस्था. ज्या घरांना मुलीच्या शिक्षणावर पाच-सहा वर्षे खर्च करणे परवडत नाही त्यांच्यासाठी ही वाट जवळची. पुढे १९८५ साली ढाक्यात तसेच महिला तंत्रनिकेतन उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. एका नवस्वतंत्र देशातील पहिल्या पिढीच्या अभियंतीने शेजारच्या, आपल्याहून नव्या देशातील मुलींसाठी यंत्रशाळा उभी करावी, ही घटना दोन्ही देशांच्या इतिहासात मानाने नोंदवण्यासारखी आहे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र शाखेची पदवी घेणारी पहिली स्त्री म्हणून लीला पूनावाला यांची नोंद १९६७ सालची, म्हणजे महाविद्यालय स्थापन झाल्यापासून ११३ वर्षांनंतरची आहे. त्यांचा जन्म सिंधमधील हैदराबादचा. फाळणीत घर सुटले आणि निर्वासित कुटुंब पुण्यात आले. दुग्धव्यवसायाला आणि इतर प्रक्रिया-उद्योगांना लागणारी विभाजक यंत्रे, म्हणजे वेगाने फिरवून दूध-सायीसारखे हलके-जड द्रव वेगळे करणारी यंत्रे, बनवणाऱ्या कंपनीत, जी पुढे अल्फा लाव्हाल म्हणून ओळखली गेली, त्या प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या आणि त्याच कंपनीच्या भारतातील प्रमुखपदी पोचल्या. त्यांना १९८९ साली पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलींना शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली आणि तो व्याप नंतर शाळकरी मुलींपर्यंत नेला.

पुण्याच्याच औद्योगिक पट्ट्यात १९७४ साली घडलेली टेल्कोची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. टाटांच्या या मोटार कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून त्याचा जाब विचारला, त्यांना मुलाखतीला बोलावण्यात आले आणि त्या कारखान्याच्या पहिल्या स्त्री अभियंत्या म्हणून रुजू झाल्या. गोष्ट नेहमी येथेच थांबते, आणि धैर्य दाखवले की दार उघडते असा तिचा अर्थ लावला जातो. परंतु त्याआधी हुबळीला पदवीचे शिक्षण घेताना वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या आणि महाविद्यालयाच्या आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हते, ही त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलेली हकीगत पोस्टकार्डाइतकीच महत्त्वाची आहे. दिवसभर पाणी न पिता यंत्रशाळेत उभे राहणारी मुलगी आणि सहजपणे वावरणारा तिचा वर्गमित्र यांची परीक्षा एकच असली तरी श्रम एक नव्हते. लग्नानंतर सुधा मूर्ती झालेल्या त्यांच्याच पुढाकाराने नंतर हजारो स्वच्छतागृहे बांधली गेली, हे त्या आठवणीचेच फळ होय. त्यांच्या पतींनी सहकाऱ्यांसह १९८१ साली पुण्यात इन्फोसिस ही संगणक-कंपनी स्थापन केली तेव्हा सुरुवातीचे १०,००० रुपये त्यांच्या बचतीतून आले. सात संस्थापकांत मात्र एकही स्त्री नव्हती. भांडवल पुरवणारी पदव्युत्तर अभियंती घर सांभाळील आणि कंपनी पती पाहतील, ही वाटणी तेव्हाच्या सुशिक्षित घरालाही स्वाभाविक वाटत होती.

कारखान्यांनी स्त्रियांना दूर ठेवले त्यामागे पूर्वग्रहाबरोबर कायदाही होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवता येई. राज्य सरकारला ही वेळ काहीशी वाढवता येत असली तरी रात्री १० ते पहाटे ५ या वेळेस पूर्ण बंदी होती. हेतू संरक्षणाचा होता, यात शंका नाही. पण यंत्रे तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात जो अभियंता रात्रपाळी करू शकत नाही त्याला उत्पादन विभागाचा अनुभव अपुरा मिळतो, आणि अनुभव अपुरा म्हणून बढती मिळत नाही. संरक्षणासाठी केलेली तरतूद अशा रीतीने स्त्रीच्या वाटेतील भिंत झाली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. दरम्यान संगणक-उद्योग उभा राहिला. तेथील काम कार्यालयात, टेबलाशी बसून होई, यंत्रशाळेतील घामट पुरुषी वातावरणाचा बागुलबुवा दाखवण्यास वाव नव्हता, आणि कंपन्यांनी कामगारांना घरापासून नेण्या-आणण्यासाठी बसगाड्या ठेवल्या. १९९० नंतर मध्यमवर्गीय मराठी मुली मोठ्या संख्येने संगणक शाखेकडे वळल्या त्याचे श्रेय आवडीइतकेच या बसगाड्यांना द्यावे लागते. त्या व्यवस्थेलाही तडे होते. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची २००७ साली पुण्यात हत्या झाल्यानंतर प्रवासाच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर, त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेची हमी घेऊन, काम करण्यास वाट मोकळी केली. येथे बंदीच्या जागी मालकाची जबाबदारी आली, आणि हा बदल मूलभूत आहे.

हिंगण्याची झोपडी जेथे होती त्या परिसराला आता कर्वेनगर म्हणतात. कर्व्यांच्या संस्थेने तेथे १९९१ साली फक्त मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्यामुळे ते तिच्या नावाने ओळखले जाते. मुलींचे स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय असावे का, याविषयी मतभेद संभवतात, कारण पुढे कारखान्यात पुरुषांबरोबरच काम करायचे असते. तरीही पालकांच्या मनातील मुक्कामाचा प्रश्न त्याने एका फटक्यात सोडवला आणि ज्या मुलींना अन्यथा गावाबाहेर पाठवलेच गेले नसते त्यांच्या हाती पदवी दिली, हे पाहता ही योजना योग्यच ठरते. १९९४ साली महाराष्ट्राने देशातील पहिले महिला धोरण जाहीर केले आणि राज्यातील व्यावसायिक शिक्षणात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. गिंडीला प्रमाणपत्रांवर शाईने केलेली दुरुस्ती अशी पन्नास वर्षांनी नियमाच्या मजकुरात आली.

तंत्रज्ञान आणि उद्योजकता यांचा संबंध पदवीधरांपुरता मानणे मात्र चुकीचे होईल. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा दुष्काळी प्रदेश. तेथील म्हसवड गावी लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घेण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि इतक्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँका तयार नव्हत्या. चेतना गाला सिन्हा यांनी या स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरवले, परंतु प्रवर्तक सभासदांपैकी अनेकजणी निरक्षर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. स्त्रियांनी गावी परतून अक्षरे गिरवली, पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांसमोर व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवले आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. पासबुक घरी दिसले की शिल्लक कळते आणि पैसे मागितले जातात, म्हणून सभासदांनी कागदी पासबुकाऐवजी कार्ड मागितले. कार्डाचा गुप्त आकडाही कोणी हिसकावून घेऊ शकतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी अंगठ्याच्या ठशाने ओळख पटवणारी व्यवस्था मागितली. यंत्र कसे असावे हे येथे वापरणाऱ्या स्त्रियांनी ठरवले, आणि ते ठरवताना आपल्या घराची पुरेपूर जाण वापरली. बँकेच्या कर्मचारी आठवडी बाजारात, भाजीच्या पाटीपाशी जाऊन भरणा घेऊ लागल्या आणि उद्योगाचे शिक्षण देणारी बसगाडी गावोगाव फिरू लागली. जी स्त्री मुक्कामाला जाऊ शकत नाही तिच्या दारी संस्थेने जावे, हे हिंगण्याच्या तत्त्वाचे दुसरे टोक होते. चेतना सिन्हा २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या.

ज्या टेल्कोने एकेकाळी स्त्रियांचे अर्ज नाकारले त्याच कारखान्याच्या, आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातील एका जुळणी-विभागात अलीकडे सर्व कामगार स्त्रिया आहेत. अभियांत्रिकी शिकणाऱ्यांत देशभर मुलींचे प्रमाण सुमारे तीन दशांश झाले आहे. मात्र महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या मानाने यंत्र-उद्योगांच्या प्रमुखपदी दिसणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या आहेत, आणि त्यांतही थर्मॅक्सच्या अनू आगा यांच्याप्रमाणे, ज्यांनी १९९६ साली पतीच्या निधनानंतर बॉयलर बनवणाऱ्या त्या कंपनीची धुरा उचलून ती सावरली, कुटुंबाच्या मालकीतून ते पद आलेल्या काहीजणी आहेत. मूल झाल्यानंतरची चार-पाच वर्षे ज्या नोकरीत निभावून जात नाहीत, तेथे वरच्या पायरीवर स्त्री पोचत नाही; ललितांना भावंडांचे घर होते, आजच्या पिंपरी-चिंचवडच्या विभक्त कुटुंबात ते नाही.

राज्य सरकारने २०२४ साली वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. हा निर्णय मोठा आहे. पण माण, जत किंवा मेळघाटातील मुलगी पुण्याला किंवा अमरावतीला शिकायला निघते तेव्हा शुल्काबरोबरच खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे घरच्यांच्या हिशेबात येतात, आणि मुलासाठी जी खोली पाहिली जाते ती मुलीसाठी चालत नाही. कर्व्यांनी आधी निवारा उभा केला होता. शासनाने, विद्यापीठांनी आणि ज्या उद्योगांना या मुली पुढे हव्या आहेत त्यांनी प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आणि तंत्रनिकेतनाच्या शेजारी मुलींचे परवडणारे वसतिगृह बांधण्याचे काम आता हाती घ्यावे.